ठिणगीचा खटला

अनुबंध सहकारी गृहरचना संस्था,
विश्रांतवाडी, पुणे
१७ ऑगस्ट २०२५
सूचनाफलकावर लावण्यासाठी

अनुबंधमध्ये एकट्या राहणाऱ्या सभासदांनो,

आपल्या सगळ्यांची एकच तक्रार आहे आणि ती आपण कोणाकडेच करत नाही. आपल्याकडे कोणी येत नाही. दार वाजलंच तर बाहेर पार्सलवाला असतो आणि तो ओटीपी विचारतो. चार आकडे सांगायचे, दार लावायचं. दिवसभरातलं आपलं बोलणं संपलं. मुलं बाहेर गेली, जोडीदार गेले, आणि या इमारतीला आपली आठवण येते ती आपण कोणाच्या वाटेत आलो तरच.

गेल्या सोमवारी दुसऱ्या मजल्यावरच्या शकूताई लिफ्टमधल्या ओल्यावरून घसरल्या. त्यांचं उजवं मनगट मोडलं. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी गंधार यांची सूचना लागली: 'लिफ्टमध्ये लघवीसदृश द्रव आढळला असून जबाबदार व्यक्तीने पुढे यावे.' मी चाळीस वर्षं व्यासपीठावर बोलले, इतकी घाबरट मराठी मी ऐकली नव्हती.

मी पुढे येते आहे. ते माझ्या ठिणगीचं होतं. ठिणगी ही माझी साडेनऊ वर्षांची डोबरमन कुत्री. मार्चपासून तिला लघवी धरता येत नाही. यात तिचा गुन्हा काय? ती पाच महिन्यांची असताना तिचं गर्भाशय आणि अंडाशय काढून टाकले. तिच्या भल्यासाठी, असं सांगितलं. आज त्याचं फळ ती भोगते आहे. चाकू चालवणारे मोकळे, आणि मुकी आहे ती आरोपी. म्हातारं झालेलं, गळणारं, अडखळणारं जे जे आहे ते नजरेआड करा, हा या शहराचा नवा धर्म झाला आहे. आज कुत्री आहे. उद्या तुम्ही असाल.

शकूताईंची मी माफी मागते. ठिणगीच्या वतीने कोणाचीही माफी मागणार नाही.

आनंदी वैशंपायन, ६०३


विश्रांतवाडी
२४ ऑगस्ट २०२५

चि. आम्रपाली,
सप्रेम जयभीम.

फोनवर बोललेलं नंतर कोणी कबूल करत नाही, म्हणून महत्त्वाचं मी कागदावरच लिहिते, हे तुला शाळेपासून ठाऊक आहे. उत्तरही कागदावरच दे. फलकावर लावलेल्या माझ्या पत्राची झेरॉक्स सोबत आहे. त्यातला चाकू तुझा आहे.

तुला आठवतं का, आमचे माधवराव जाऊन तीन महिने झाले होते. लोणी काळभोरला तुझा दवाखाना नुकताच सुरू झाला होता. तू खोक्यातून एक शेपूट तोडलेलं पिल्लू घेऊन आलीस आणि म्हणालीस, बाई, हिच्याशी बोला, नाहीतर तुम्ही भिंतींना भाषण द्याल. पुढे पाच महिन्यांची झाल्यावर तूच नेऊन तिचं ऑपरेशन केलंस. मी प्रश्न विचारला नाही. नववीच्या वर्गात वक्तृत्वाला उभी राहिलेली माझी विद्यार्थिनी डॉक्टर झाली, या अभिमानात मी कागद न वाचता सही केली. आयुष्यात एकदाच.

आता ऐक काय झालं ते. माझं पत्र फलकावर लागलं आणि चौथ्या दिवशी समितीने वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत ठराव घातला. ठराव क्रमांक सात: पाळीव प्राण्यांना लिफ्टमध्ये प्रवेश बंद. सभा २८ सप्टेंबरला आहे. अध्यक्ष आप्पासाहेब स्वतः घरी आले. ही इमारत त्यांच्याच ज्वारीच्या रानावर उभी आहे, त्यामुळे ते लिफ्टमध्येही बांधावर उभं राहिल्यासारखे उभे असतात. म्हणाले, "बाई, तुमीच लिहून दिलंय, आता आमी काय करावं? कुत्रं काढा असं कुनी म्हणत नाय. लिफ्टमधी नको, येवढंच हाय."

येवढंच. ठिणगीचे मागचे पाय आता धड नाहीत. सहा मजले, एकशे आठ पायऱ्या, दिवसातून तीन वेळा. तिला उचलून नेणं मला या जन्मी शक्य नाही. लिफ्ट बंद म्हणजे ठिणगी या घरातून बंद. अशी बंदी कायद्यात बसत नाही, असं मी त्यांना सुनावलं. सोबत गंधार होता, तो मोबाइलवरून मान वर न करता म्हणाला, "मॅडम, मग कोर्टात जा ना, नो इश्यूज." कोर्टाचा निकाल लागेल तेव्हा कुत्री असेल का, आणि मी तरी?

मला तुझ्याकडून दाखला हवा आहे. हिची ही अवस्था ऑपरेशनमुळे झाली, असं तुझ्या सहीशिक्क्यानिशी लिहून दे. मी तो सभेत वाचून दाखवीन. तुझ्यावर चार दिवस टीका होईल, ती तू सोसशील. मी तुला तेवढं खंबीर केलं आहे.

तुझी,
आनंदीबाई


लोणी काळभोर
३१ ऑगस्ट २०२५

आदरणीय बाई,
जयभीम.

तुमचं पत्र गोठ्यात, एका अडलेल्या म्हशीजवळ वाचलं. म्हैस मोकळी झाली, रेडकू ठीक आहे. मग हात धुऊन परत एकदा वाचलं.

दाखला मी देणार नाही. तुम्हाला गुन्हेगार हवा आहे आणि माझ्याकडे गुन्हेगार नाही. माझ्याकडे आहेत त्या फक्त धोका वाढवणाऱ्या गोष्टी. त्यात एक ऑपरेशन आहे, हे मी लपवणार नाही. अंडाशय काढले की शरीरातलं एक संप्रेरक कमी होतं आणि लघवी धरून ठेवणारा स्नायू काही कुत्र्यांत हळूहळू सैल पडतो. सगळ्यांत नाही. ऑपरेशन झालेल्या शंभर माद्यांमध्ये कोणी पाच सांगतं, कोणी वीस. पण त्या पाच-वीसजणी कोण, हे बघितलं तर चित्र बदलतं. लहान चणीच्या कुत्र्यांत हे क्वचित दिसतं, मोठ्यांत पुष्कळ. जातींमध्ये बॉक्सर, रॉटवायलर आणि आपली डोबरमन पुढे आहेत. शेपूट तोडलेल्यांत हे जास्त आढळतं असं काही अभ्यास सांगतात. का, ते नीट कोणाला माहीत नाही. ती शेपूट मी तोडलेली नाही. ज्या फार्महाउसवरून मी तिला आणलं त्यांना रुबाबदार कुत्री हवी होती.

मग वय. ते कोणाच्याच हातात नाही. आणि वजन. बाई, मागच्या वर्षी ती छत्तीस किलो भरली होती. तिच्या हाडापेराला एकोणतीस पुरे. तिला रोज दोन वेळा तूप लावलेली पोळी कोण घालतं, ते मला फलकावरच्या पत्रात दिसलं नाही.

माझ्या वाट्याचं सांगते. मोठ्या जातीच्या मादीचं फार लवकर ऑपरेशन केलं तर धोका वाढतो का, यावर अजून वाद आहे. आज मी अशा कुत्रीला मोठी होऊ देते, मग ऑपरेशन करते. तेव्हा थांबले नाही. कारण हिची आई गर्भाशयात पू होऊन माझ्या टेबलावर गेली होती. तिला माझ्याकडे आणलं तेव्हा उशीर झाला होता. ते डोळ्यांसमोर असताना मी हिच्याबाबतीत घाई केली. ती चूक असेल तर माझी. पण ऑपरेशन मी पुन्हाही करीन.

आता एक विचारते. ठिणगीचं गळतं ते कधी? या दुखण्यात बहुतेक वेळा कुत्री झोपलेली असताना गळतं. तिला पत्ताही नसतो. उठली की अंथरूण ओलं. चालतीफिरती, उभी असताना ती कोरडी असते. लिफ्टमध्ये माणूस घसरेल इतकं पाणी उभ्याउभ्या जाणं याच्यात बसत नाही. तसं होत असेल तर दुसरं काही असू शकतं: संसर्ग, साखर, मूत्रपिंड. मला नमुना तपासावा लागेल. आणि काहीही झालं तरी तिचं पाणी तोडू नका.

एप्रिलमध्ये जयंतीच्या व्याख्यानाला तुम्ही आला नाहीत, तेव्हा ठिणगी आजारी आहे असा निरोप होता. ती तेव्हापासून आजारी होती तर मला तेव्हाच बोलवायचं होतं. मी जनावरांचीच डॉक्टर आहे.

आपली,
आम्रपाली ओव्हाळ


विश्रांतवाडी
४ सप्टेंबर २०२५

चि. आम्रपाली,

मी दाखला मागितला, तू उलटतपासणी पाठवलीस. डॉक्टर आहेस की वकील?

झोपेत गळतं. उभी असतानाही गळतं. मी पाहिलं आहे. माझ्या शब्दावर तीन-तीन हजारांच्या सभा विश्वास ठेवायच्या, तुलाही ठेवायला हरकत नाही.

तूप बंद केलं. ती ताटलीकडे बघते, मग माझ्याकडे बघते, आणि भिंतीकडे तोंड करून बसते. निषेध कसा करावा ते ती माझ्याकडूनच शिकली आहे. पाणी मात्र मी दहा दिवस संध्याकाळी पाचनंतर बंद ठेवलं होतं. परवा ती न्हाणीघराची फरशी चाटताना दिसली. तुझं पत्र त्याच दिवशी आलं. आता भांडं भरून ठेवते.

शकूताई रोज चार वाजता चहाला यायच्या. सहा वर्षांत खाडा नाही. आम्ही फार बोलत होतो असं नाही. त्या त्यांच्या सुनेबद्दल बोलायच्या, मी देशाबद्दल, आणि दोघींपैकी कोणीच दुसरीचं ऐकत नव्हती. पण चार वाजायचे. आता चार वाजतात आणि काही होत नाही. काल मी शिरा घेऊन गेले. सुनेने वाटी दारातच घेतली, रिकामी करून दारातच परत दिली. आत शकूताई होत्या. टीव्हीचा आवाज त्यांनी मुद्दाम वाढवला.

इमारतीत गणपती बसले आहेत. खाली आरती होते ती मी वरून ऐकते. ठिणगीला घेऊन लिफ्टमध्ये शिरले की माणसं बाहेर पडतात. काहीतरी विसरल्यासारखं करतात. गंधार तेवढा थांबला एकदा. म्हणाला, "मॅडम, खरं सांगू? नोटीस लावली खरी, पण मग आम्हाला वाटलेलं हाउसकीपिंगचं पाणी असेल. तुमचं लेटर नसतं ना, तर विषय क्लोज होता." लिफ्टमधला कॅमेरा दीड वर्षं बंद आहे, हेही त्यानेच सांगितलं. मी हसले. दुसरं काय करणार.

नमुन्यासाठी येऊ नकोस. तुझ्याकडे गाईम्हशींची रांग असेल. मी इथेच कोणालातरी दाखवीन. तू फक्त दाखला पाठव.

आनंदीबाई


लोणी काळभोर
९ सप्टेंबर २०२५

आदरणीय बाई,
जयभीम.

येऊ नकोस म्हणालात तरी रविवारी आले. त्याबद्दल तुम्ही मला दारातच सुनावलंत, म्हणून परत माफी मागत नाही.

नमुन्याचा निकाल आला. संसर्ग नाही. साखर नाही. रक्ताचे आकडे वयाच्या मानाने चांगले आहेत. म्हणजे मूळचंच दुखणं: झडप सैल झाली आहे. दिलेली गोळी चुकवू नका. बहुतेक कुत्र्यांना तिने चांगला आराम पडतो. मांडीच्या आतली कातडी ओलीने लाल झाली आहे, ती कोमट पाण्याने पुसून कोरडी ठेवा. वजन महिन्याला एक किलोपेक्षा जास्त उतरवू नका.

आता जे तुमच्या समोर बसून मला बोलता आलं नाही ते लिहिते.

मी तिला दोन भांडी पाणी पाजलं, तासभर थांबले आणि लिफ्टने तीन वेळा खाली-वर नेलं. तुम्ही म्हणालात, हा काय खेळ चाललाय. तिन्ही वेळा ती कोरडी होती. बागेत गेल्यावर व्यवस्थित बसली आणि मोकळी झाली. तिचं गळणं तिच्या गोधडीवर आहे, फक्त गोधडीवर. लिफ्टमधलं पाणी ठिणगीचं नव्हतं. डॉक्टर म्हणून हे माझं मत आहे आणि या दाखल्यावर मी सही करायला तयार आहे.

मग कोणाचं, ते मी विचारत नाही. पण मी पाहिलं आहे. माझे पेशंट बोलत नाहीत, त्यामुळे मला पाहायची सवय लागली आहे. दोन तासांत तुम्ही चार वेळा आत गेलात. खोकला आला तेव्हा बोलता बोलता थांबलात आणि खुर्चीचा हात धरलात. मी केलेल्या चहाला तोंड लावलं नाहीत. बाहेर निघायचं म्हटल्यावर तुमचा चेहरा उतरला. ज्या बाईंनी मला भीती कशी गिळायची ते शिकवलं, त्यांचा.

आणि चौदा एप्रिल. वस्तीत दोनशे खुर्च्या मांडल्या होत्या. माझ्या आईने तुमच्यासाठी पुरणपोळी केली होती, साडी आणली होती. अकरा वाजता तुमचा निरोप आला. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "आलं का ध्यानात, कोण येतं आपल्याकडं?" मी भांडले. बाई तशा नाहीत म्हणाले. दुपारपर्यंत म्हणत राहिले. मग खुर्च्या उचलताना मी तुमची बाजू घेणं थांबवलं. गेले पाच महिने मी तुमच्याशी नीट वागते आहे, पण मनातून बोलत नाही.

कारण कुत्री नव्हती. ती तेव्हा धडधाकट धावत होती, मी मार्चमध्येच तिला लस टोचून गेले होते. मला खरं कारण हवं आहे. तुमच्याच नियमाप्रमाणे, कागदावर.

आम्रपाली


विश्रांतवाडी
१५ सप्टेंबर २०२५

प्रिय आम्रपाली,

तीन वेळा लिहून फाडलं. हे चौथं.

तीन वर्षांपूर्वी कात्रजला एका महिला मंडळात बोलत होते. ऐन रंगात खोकला आला. मला कळलं काय झालं ते. गडद निळी साडी होती, म्हणून निभावलं. टाळ्या चालू असताना मी खुर्चीवरून उठले नाही. लोकांना वाटलं बाई भारावल्या आहेत. त्यानंतर भाषणाच्या दिवशी सकाळपासून पाणी बंद. मग प्रवास बंद. मग भाषणंच बंद. लोकांना सांगितलं, ऐकणारे श्रोते उरले नाहीत. ते वाक्य वर्तमानपत्रातही छापून आलं. श्रोते होते. मीच नव्हते.

चव्वेचाळिसाव्या वर्षी माझंही गर्भाशय काढलं होतं. तू ठिणगीची यादी लिहिलीस ना, वय, वजन, ऑपरेशन, ती मी वाचत गेले आणि प्रत्येक ओळीवर मला माझं नाव दिसलं. शेपूट तेवढी नाही. मी स्त्रीच्या मालमत्तेवर बोलले, मतावर बोलले, तिच्या देहावरच्या हक्कावर बोलले. देहाबद्दल कधी बोलले नाही. डॉक्टरकडेही गेले नाही. काय सांगणार होते त्यांना?

चौदा एप्रिलला मी आठ वाजता तयार होते. भाषणाचे कागद पिशवीत होते, गाडी खाली उभी होती. तुझ्या घरापर्यंत दीड तास. व्यासपीठावर दोन तास. मधे कुठे जाता येईल, हे तुझ्या आईला फोन करून विचारायचं होतं. एवढंच विचारायचं होतं. मी फोन हातात घेऊन बसून राहिले आणि मग कुत्रीचं नाव पुढे केलं. कारण जात नव्हतं. पण तुझ्या माणसांनी ते जात समजलं, आणि तसं समजायला त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची कारणं होती, हे मला न कळण्याइतकी मी अडाणी नाही. मला तेव्हाही कळलं होतं. मी माझी लाज वाचवली आणि अपमान तुम्ही सोसला. याला माझ्याकडे माफीचा शब्द नाही. असता तर मी तो पाच महिन्यांपूर्वी वापरला असता.

आणि अकरा ऑगस्ट. मी आणि ठिणगी फिरून येत होतो. चौथ्या-पाचव्या मजल्याच्या मधे वीज गेली. दहा मिनिटं अंधारात उभी होते. ठिणगी माझ्या पायाला टेकून बसली होती. तिने काही केलं नाही. वीज आली, सहावा आला, मी घरात धावले ते फडकं आणायला. परत आले तोवर लिफ्ट खाली गेली होती. शकूताईंचा आवाज मला खालून ऐकू आला. मी फडकं हातात घेऊन दारात उभी राहिले. खाली गेले नाही.

दुसऱ्या दिवशी सूचना लागली. कोणी कुत्रीचं नाव घेतलं नव्हतं. चौकशी वाढायच्या आत मिटावी, म्हणून मीच घेतलं. आणि घेतलं ते किती झोकात, तू वाचलंच आहेस. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्या वतीने मी आयुष्यभर बोलले, असं माझ्या सत्काराच्या मानपत्रांत लिहिलेलं असतं. एकदा त्यांच्या विरुद्ध बोलले आणि तेच भाषण सगळ्यांना पटलं.

तुझी गोळी लागू पडते आहे. आज सकाळी गोधडी कोरडी होती. ती उठून गोधडी हुंगत राहिली, जणू काही हरवलंय.

मला सभेत उभं राहून हे सांगता येणार नाही. मी प्रयत्न केला. आरशासमोर उभी राहिले, पहिलं वाक्यसुद्धा येत नाही. तू ठिणगीला घेऊन जा. तुझं घर जमिनीवर आहे, अंगण आहे, पायऱ्या नाहीत. ठराव मंजूर होण्याआधी ने. ती तुझ्याकडे सुखी राहील. मला सवय होईल.

हे पत्र फाडून टाक.

आनंदी


लोणी काळभोर
१८ सप्टेंबर २०२५

बाई,

पत्र फाडलं नाही.

परवा रात्री जेवताना मी आईला विचारलं, तू एसटीने मामाकडे जाणं का सोडलंस? सहा वर्षं आम्ही तिला गुडघ्यांचं तेल आणून देत होतो. ती भाकरी मोडत राहिली. मग म्हणाली, "गाडी मधी थांबत नाय ना गं." एवढंच. मी रोज दहा जनावरांची शेपटी उचलून बघते आणि माझ्याच घरात मला हे माहीत नव्हतं. तुमचं पत्र आलं नसतं तर मी विचारलंही नसतं.

तिला तुमचं कारण सांगितलं. तिने ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, बाईंना सांग, शाळेमागं संडास बांधलाय, पाणी पण हाय, आधी विचारलं असतं तर दावला असता. राग गेला असं मी म्हणणार नाही, तिचाही आणि माझाही. पण आता तो खऱ्या गोष्टीवर आहे.

शहरात एक डॉक्टर आहेत, शेफाली नावाच्या. हेच दुखणं बघतात. बहुतेकींना आधी व्यायाम देतात, काहींना औषध, काहींना छोटी शस्त्रक्रिया. आईची मी वेळ घेतली आहे. शनिवारी सकाळी गाडी घेऊन तुमच्या दाराशी येते. गाडीत मागे ठिणगीलाही जागा आहे आणि पुढे आईशेजारी तुम्हालाही. कोणाला न्यायचं ते तुम्ही ठरवा. ठिणगी निघाली तर मी तिला जिवापाड सांभाळीन, पण लपवून ठेवायला नेते आहे हे मला माहीत असेल.

आम्रपाली


अनुबंध सहकारी गृहरचना संस्था,
विश्रांतवाडी, पुणे
२२ सप्टेंबर २०२५
प्रत्येक घरात, बाईमाणसाच्या हाती

अनुबंधमधल्या बायांनो,

फलकावरचं माझं पत्र मी काढलं आहे. त्यातलं एक वाक्य खोटं होतं आणि बाकीची सगळी वाक्यं त्या एका वाक्याला झाकायला लिहिली होती. अकरा ऑगस्टला लिफ्टमध्ये जे सांडलं ते कुत्रीचं नव्हतं. ते माझं होतं. मी बाहत्तर वर्षांची आहे आणि तीन वर्षं मला लघवी धरता येत नाही.

हे वाक्य लिहायला मला सहा आठवडे लागले.

शकूताईंना मी काल समोर बसून हे सांगितलं. पत्रातून कळू दिलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं. मी उठले तेव्हा त्यांनी प्लास्टरचा हात मांडीवरून उचलून दुसऱ्या मांडीवर ठेवला आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. चहाला त्या पुन्हा येतील असं मला वाटत नाही. त्यांच्या मनगटाचा दोष माझ्याकडे आहे आणि तो मी कोणाशी वाटून घेणार नाही.

शनिवारी मी डॉक्टरांकडे गेले. माझ्या शेजारी लोणी काळभोरची एक बाई बसली होती. त्या बाईशी मी एप्रिलमध्ये वाईट वागले होते. तासभर आम्ही दोघी एकाच बाकावर बसलो. आत जायची वेळ आली तेव्हा तिने माझी पिशवी धरली. डॉक्टरांनी मला जे सांगितलं त्यात भयंकर काही नव्हतं. वय, वजन, जुनं ऑपरेशन. ज्या गोष्टींनी शक्यता वाढते त्या गोष्टी. गुन्हा हा शब्द त्यांनी वापरला नाही. तो आपण वापरतो, घरात, एकट्याने, न्हाणीघराचं दार लावून. तिथल्या बाकांवर आणखी सात बायका होत्या. सातही जणी एकमेकींकडे न बघता बसल्या होत्या, आणि त्यांतली एक आपल्या इमारतीतली होती. मी तिचं नाव कधीही घेणार नाही.

माझ्या घरी एक कुत्री आहे. तिलाही हेच दुखणं आहे, तिला ते झोपेत होतं, तिच्या स्वतःच्या गोधडीवर, आणि औषधाने ते थांबत आलं आहे. तिने तुमच्या लिफ्टमध्ये काहीही केलेलं नाही. मी बोलू शकत होते आणि ती नाही, एवढ्यावर मी तिला शिक्षा मिळवून दिली. ती शिक्षा रविवारी मंजूर व्हायची आहे. मंजूर झाली तर ती या घरात राहू शकणार नाही, आणि मग या घरात मी एकटी उरेन. मी तुमच्याकडे दया मागत नाही. निरपराधाला सोडा, एवढंच मागते.

तुम्हाला माझ्याशी बोलायची गरज नाही. स्वतःबद्दल कोणाला एक अक्षर सांगायची गरज नाही. मला माफ करायचीही गरज नाही. रविवारी, अठ्ठावीस सप्टेंबरला, सकाळी अकरा वाजता पार्किंगमध्ये या. आप्पासाहेब ठराव क्रमांक सात वाचतील. 'विरोधात कोण' असं विचारतील. तेव्हा हात वर करा.

आनंदी वैशंपायन, ६०३